लॉकडाऊनमध्ये किराणा कसा मिळायचा? खरंच टंचाई होती का?

तुम्ही विचारलंय, "२०२० साली मी सातवीत होतो. घरात सामान कुठून यायचं, कसं यायचं, काही कळलं नाही. खरंच टंचाई होती का? लोकांची घरं चालली कशी?" बहुतेक जण हे पिशवी घेऊन रांगेत उभं राहिलेल्याच्या बाजूने सांगतील. मी काउंटरच्या आत होतो.

पुण्यात पर्वतीच्या पायथ्याला आमचं किराणा दुकान आहे, वडिलांनी टाकलेलं. एका अंगाला सोसायट्या, दुसऱ्या अंगाला वस्ती, आणि दोघांचा वाणी मीच.

टंचाईचं आधी सांगून टाकतो. एखादी वस्तू दुकानात अजिबातच नाही, असे दिवस थोडे. पीठ-मीठ-तेल-डाळ काही ना काही होतंच. नेहमीचाच ब्रँड मिळेल याची खात्री नव्हती, एवढंच. पण टंचाई होती की नव्हती हे माझ्या फळ्यांवरचे डबे बघून कळत नाही. ते लोकांच्या याद्यांवरून कळतं. तिकडे येतोच.

२२ मार्चला, रविवारी, जनता कर्फ्यू झाला, संध्याकाळी पाचला थाळ्या वाजल्या. दुसऱ्या दिवशी राज्यात संचारबंदी आली. आणि २५ तारखेला होता गुढीपाडवा, म्हणजे आमचा धंद्याचा सण. मी साखरेच्या गाठींची दोन खोकी भरून ठेवलेली. २४ ला रात्री आठला पंतप्रधानांचं भाषण लागलं तेव्हा शटर निम्मं ओढून मी गल्ला मोजत होतो, मोबाईल वजनकाट्याला टेकवून. एकवीस दिवस, असं कानावर आलं आणि भाषण चालू असतानाच शटरवर थापा पडायला लागल्या. किराणा, दूध, औषधं चालू राहणार हे थोड्या वेळाने सरकारने सांगितलंही, पण तोवर थांबतंय कोण!

त्या दीड-दोन तासांत काय काय गेलं ते मला अजून पाठ आहे. बटाटे, कांदे, मॅगी, बिस्किटं, दूध पावडर, फिनेल, कणीक. एका साहेबांनी दहा किलो मीठ नेलं. घरात माणसं चार. पुढच्या पाडव्यापर्यंत पुरलं असेल त्यांना. गाठी मात्र जेमतेम चार-पाच माळा गेल्या. गुढी उभारायचीय हे त्या रात्री कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

नंतर दुकान रुळावर आलं म्हणजे रोज नव्या रुळावर आलं. वेळा सारख्या बदलायच्या. कधी सकाळी उघडा, कधी दुपारीच बंद करा. शेजारच्या गल्लीत पेशंट निघाला की पत्रे आणि बांबू लागायचे, तिकडची गिऱ्हाइकं तुटायची. पोलिसांनी सांगितलं, माणसांत अंतर राखा. मी रस्त्यावर चुन्याने चौकोन आखून दिले. एप्रिलचं ऊन, बारा वाजता डांबर पायाला चटके द्यायचं. दोन दिवसांत चौकोनांतून माणसं नाहीशी झाली, पिशव्या दिसायला लागल्या. चौकोनात पिशवी आणि माणूस समोरच्या गुलमोहराखाली, बाकीच्या दहा जणांच्या घोळक्यात. अंतर राखलं ते पिशव्यांनी.

माल यायचा कसा, हे तुम्हाला मुद्दाम सांगतो, कारण बाहेरच्याला ते दिसत नाही. कंपन्यांचे सेल्समन यायचे बंद झाले. मार्केट यार्डात फळभाजी बाजार एप्रिलमध्ये बंदच पडला, भुसार बाजाराचंही आज चालू तर उद्या बंद. दुकानात डाळ यायची तर आधी मिल चालू हवी, ट्रकला वाट मोकळी हवी, कट्टे उतरवायला हमाल हवेत आणि टेम्पोवाल्याकडे पास हवा. हमाल निम्मे गावाला गेलेले. मी स्वतः स्कूटरच्या पायाशी तीस किलोचा कट्टा घेऊन कितीदा आलोय. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, होलसेलवाल्यांनी उधारी बंद केली. एरवी पंधरा दिवसांनी पैसे द्यायचो. आता रोख टाका आणि माल उचला. वरून उधारी बंद आणि खालून उधारी वाढलेली. मधे मी.

भावावरून भांडणं झाली. पाकिटावर एमआरपी छापलेली असते, तिथे वाद नाही. वाद सुट्ट्या मालाचा. तूरडाळ मलाच किलोमागे पंधरा-वीस रुपये चढी पडली, तर मी जुन्या भावाने देऊ कुठून? रोजचे एक आजोबा रांगेत सगळ्यांदेखत म्हणाले, "मढ्याच्या टाळूवरचं लोणी खातोयस." त्यांना खरेदीची पावती दाखवली. त्यांनी ती वाचली नाही. राग आला, पण आपल्या धंद्यातले लोक मी ओळखतो. सॅनिटायझरच्या २०० मिलीला १०० रुपयांच्या वर घ्यायचं नाही असं सरकारला मार्चमध्येच ठरवून द्यावं लागलं, ते उगाच नव्हे. आणि मीही धुतल्या तांदळासारखा नव्हतो. डाळीत नाही, पण तंबाखूच्या पुडीत मी दोन पैसे जास्तीचे कमावले. पानटपऱ्या बंद होत्या, मागू तो भाव मिळत होता. खोटं कशाला बोलू.

आमच्या घराचं विचाराल तर दुकानाच्या मागे दोन खोल्या, माणसं पाच. आईला दमा. दिवसभर शंभर माणसांशी व्यवहार करून मी आत कसा जाणार? मार्चच्या शेवटापासून जून लागेपर्यंत दुकानातच झोपलो, तांदळाच्या कट्ट्यांना पाठ लावून. बायको मधल्या दाराच्या उंबऱ्यावर ताट ठेवायची आणि दोन पावलं मागे सरून मी जेवेपर्यंत तिथेच बसायची. चिल्लर साबणाच्या पाण्यात. पहिल्या आठवड्यात तिने नोटांना इस्त्रीसुद्धा केली. नोटा कडक झाल्या, विषाणूचं काय झालं देव जाणे. आम्ही खायचो ते फुटक्या पाकिटातलं, तारीख जवळ आलेलं. वाण्याच्या घरी तसंही तेच असतं. आणि जूनपर्यंत आमच्या चहात साखर पडली नाही. त्या दोन खोक्यांतल्या गाठी होत्या ना! आई खलबत्त्यात कुटायची आणि म्हणायची, या वर्षी पाडवा काही संपत नाही बाबा.

आता याद्या. गर्दी नको म्हणून शटरवर माझा व्हॉट्सॲप नंबर चिकटवला होता. यादी पाठवा, सामान बांधून ठेवतो. मोठी मुलगी नववीत, शाळा बंद, ती याद्या वहीत उतरवून द्यायची. तिला महिन्याभरात माझ्यापेक्षा गिऱ्हाइकं जास्त कळायला लागली. सोसायटीतले एक तरुण गृहस्थ, घरात नुकतेच स्वयंपाकाला लागलेले, रिकाम्या डब्याचा फोटो पाठवायचे. खाली लिहिलेलं, "यात जे असतं ते अर्धा किलो." डब्याच्या तळाला चार दाणे चिकटलेले असले तर ओळखायचं. नाहीतर मुलगी फोन करून विचारायची, "काका, फोडणीत तडतडतं ते, की भातावर घेता ते?"

पहिल्या आठवड्यातल्या याद्या घाबरलेल्या होत्या. सगळ्याच्या पुढे पाच किलो. एप्रिलच्या मध्यावर त्यांचा सूर बदलला. मैदा, कोको, बेकिंग पावडर, यीस्ट. यीस्ट मी आयुष्यात ठेवलं नव्हतं. इनो इतकं खपलं की मला वाटलं सोसायटीभर पित्त उसळलंय. मुलीने सांगितलं, बाबा, केकला घालतात. कॉफीच्या छोट्या पुड्यांच्या माळाच्या माळा गेल्या, ती फेस काढायची कॉफी तेव्हा घरोघर चालली होती. मे महिन्यात साबुदाणा आणि पापडाचं पीठ. वर्षानुवर्षं तयार पापड नेणाऱ्या बायकांनी गच्चीवर वाळवणं घातली. याद्या दीड पानी झाल्या. मी तक्रार करत नाही. याच याद्यांवर माझं दुकान तगलं.

वस्तीतल्या याद्या फोनवर यायच्या नाहीत. पोरगं यायचं, हातात रिकामी पाकिटं घेऊन. चहाचं, तेलाचं, तिखटाचं. आईने जपून ठेवलेली, तीच यादी. एप्रिलच्या सुरुवातीला तेलाची लिटरची रिकामी पिशवी यायची. मग अर्ध्या लिटरची यायला लागली. मग पोरगं पाकीट आणेनासं झालं, स्टीलचा पेला आणायला लागलं आणि म्हणायचं, वीस रुपयांचं तेल. चहा पावडर पाव किलोवरून पाच रुपयांच्या पुडीवर.

रेशन मिळत नव्हतं असं नाही. केंद्राने माणशी पाच किलो फुकट धान्य दिलं, आमच्याकडे ते तांदूळ म्हणून आलं. मे-जूनमध्ये केशरी कार्डवाल्यांनाही ८ रुपये किलोने गहू आणि १२ रुपये किलोने तांदूळ होता. तेव्हा भात शिजत होता. पण भातावर घालायला काय? रिक्षा उभ्या, बांधकामं बंद, धुणंभांड्याला जाणाऱ्या बायकांना सोसायट्यांच्या गेटवर मज्जाव. रेशनचा तांदूळ घरात पोचला की पोरगं माझ्याकडे तिखटाची पुडी न्यायला यायचं, बाकी काही नाही. एक आजी होत्या, त्या स्वतः यायच्या. धान्याचं काही बोलायच्या नाहीत, मशेरीचा तंबाखू तेवढा मागायच्या. "भाकरी एक वेळ नसली तर चालंल रं बाबा." त्यांना मी जुन्याच भावाने द्यायचो, पण ते सगळ्यांना दिलं असतं तर सांगण्यात काही अर्थ होता.

सगळ्यात वाईट दिवस मार्चमधले नव्हते, हे जाता जाता सांगतो. जूनमध्ये थोडं सैल झालं आणि मग पुण्यात १३ जुलैच्या मध्यरात्रीपासून पुन्हा दहा दिवसांचं लॉकडाऊन जाहीर झालं. त्यातले पहिले पाच दिवस किराणासुद्धा बंद, फक्त दूध आणि औषधं. आधीच्या शनिवार-रविवारी जी झुंबड उडाली ती २४ मार्चच्या दुप्पट असेल. चौकोन नाही, पिशव्या नाहीत, काही नाही. माझं शटर अख्खं खाली राहिलं ते त्याच पाच दिवसांत. मी झोपून काढले.

आता उधारीचं, कारण घरं कशी चालली याचं निम्मं उत्तर तिथे आहे. वस्तीतल्या एक मावशी सोसायटीत चार घरची धुणीभांडी करायच्या. एप्रिलचा पगार चारही घरांनी दिला. मेमध्ये दोन घरांनी हात आखडला, येत नाही तर पगार कसला म्हणून. तिसऱ्या घरच्या ताईंनी मला फोन केला, "त्यांच्या नावावर महिन्याला दोन हजारांपर्यंत सामान देत जा, पैसे मी भरते." असं करणारी आणखी तीन-चार घरं होती. कुणी त्याचा गाजावाजा केला नाही, मला त्यांचा आदर वाटतो.

महिनाअखेरीला ताईंनी हिशेब मागितला. मी वहीच्या पानाचा फोटो पाठवून दिला, जसा सगळ्यांना पाठवतो. दहा मिनिटांत फोन. "शाम्पूच्या पुड्या बारा? आणि खारी कशाला?" मला पटकन काही सुचेना. म्हटलं, "ताई, घरात तीन पोरी आहेत, उन्हाळा आहे." त्या म्हणाल्या, "नाही नाही, मी आपलं सहज विचारलं." पैसे त्यांनी लगेच पाठवले, पूर्ण पाठवले, आणि पुढचा महिनाही द्या म्हणाल्या. त्यानंतर मी त्यांना नुसती बेरीज कळवत गेलो.

मावशींना मी यातलं अक्षर सांगितलं नाही. बहुतेक तिकडूनच फोनवर काही विषय निघाला असावा. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्या आल्या, तूरडाळ, तेल, साखर घेतली, मी वहीत लिहिलं. मग त्यांनी कमरेची पिशवी सोडली, बारा रुपये मोजून काउंटरवर ठेवले. दहाची खारी आणि एक-एक रुपयाच्या दोन पुड्या.

"हे त्यात लिहू नका," म्हणाल्या.

याद्यांवरून कळतं, असं मी वर म्हणालोय खरं. ती वही माझ्याकडे अजून आहे. त्यांच्या जूनच्या पानावर तूरडाळ आहे, तेल आहे, साखर आहे. शाम्पू नाही, खारी नाही.