वाचकांचे प्रश्न : मानवशास्त्र, ओव्या आणि कम्युनिटी कॉलेज

प्रश्न : मी मूळची नाशिकची, वाणिज्य शाखेची पदवीधर. लग्नाआधी काही वर्षे बँकेत नोकरी केली. गेली सात वर्षे आम्ही कॅलिफोर्नियात सनीव्हेल येथे राहतो; यजमान एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहेत आणि मी एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावर. धाकटा मुलगा यंदा शाळेत जाऊ लागल्यामुळे दिवसाचे चार तास माझे झाले आहेत. माझ्या आजीला जात्यावरच्या असंख्य ओव्या पाठ होत्या. त्यांतील भाऊ, भावजय, सासुरवास, पंढरीची वाट हे सारे नीट समजून घ्यावे असे फार दिवसांपासून मनात आहे, आणि त्यासाठी मानवशास्त्र शिकावे असे वाटते. जवळच्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी महाविद्यालयात, हा विषय आहे. व्हिसा बदलावा लागेल का? खर्च किती येईल? तिथली दोन वर्षांची पदवी घेऊन पुढे बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात जाता येईल का?
– एक वाचक, सनीव्हेल

उत्तर : व्हिसा बदलण्याची गरज नाही. एच-फोरवर असलेल्या व्यक्तीला अर्धवेळ किंवा पूर्णवेळ शिकता येते. खर्चाचे उत्तर मात्र आपण राज्याच्या ‘रहिवासी’ ठरता की नाही यावर अवलंबून आहे. कॅलिफोर्नियात किमान एक वर्ष आणि एक दिवस वास्तव्य आणि इथेच राहण्याचा इरादा कागदोपत्री दाखवता आला, तर एच-फोरधारकालाही रहिवाशाचा दर लागू होऊ शकतो. आपल्याजवळच्या क्यूपर्टिनोच्या डी ॲन्झा कॉलेजात आणि लॉस आल्टोस हिल्सच्या फूटहिल कॉलेजात वर्षाचे भाग तिमाहीचे असतात आणि रहिवाशांना प्रत्येक युनिटला (श्रेयांकाला) ३१ डॉलर पडतात, म्हणजे चार युनिटांचा एक वर्ग १२४ डॉलर अधिक किरकोळ शुल्क एवढ्यात होतो. सत्रपद्धतीच्या कॉलेजांत हाच दर युनिटला ४६ डॉलर आहे. रहिवासी न ठरल्यास रक्कम कित्येक पटींनी वाढते, म्हणून भाडेकरार, करविवरण, वाहन परवाना ही कागदपत्रे अर्ज भरण्याआधीच जमवून ठेवावीत. अमेरिकेच्या केंद्र सरकारची शैक्षणिक मदत आपल्याला मिळणार नाही. चार तास मोकळे आहेत म्हणून तीन वर्ग घेण्याचा मोह होईल, तो आवरावा. तासाला बसणे आणि घरचा अभ्यास धरून चार युनिटांच्या एका वर्गाला आठवड्याचे सुमारे बारा तास जातात.

बर्कलीविषयी स्पष्ट सांगणे बरे. सल्लागारांकडे जाल तर ते आपल्यापुढे मानवशास्त्राच्या दोन वर्षांच्या ‘असोसिएट’ पदवीचा आराखडा ठेवतील, कारण तिथल्या बहुसंख्य विद्यार्थ्यांसाठी तोच मार्ग आखलेला आहे. २०१० मध्ये झालेल्या कायद्यामुळे ही पदवी घेणाऱ्यांना राज्य विद्यापीठांत, म्हणजे सॅन होझे स्टेटसारख्या संस्थांत, थेट तिसऱ्या वर्षात जाण्याची सोय झाली. पण हा मार्ग ज्यांच्याकडे कोणतीच पदवी नाही त्यांच्यासाठी आहे. आपण पदवीधर आहात, आणि बर्कली ज्या विद्यापीठ-समूहात मोडते तो समूह आधीच पदवी घेतलेल्यांना दुसऱ्या पदवीसाठी सहसा घेत नाही. म्हणून दोन वर्षे बीजगणित आणि निबंधलेखनाचे वर्ग पुन्हा करण्यात घालवण्यापेक्षा फक्त मानवशास्त्राचे तीन-चार वर्ग करावेत आणि पुढे वाटले तर थेट एम.ए.कडे वळावे, असे माझे मत आहे. सॅन होझे स्टेटमध्ये उपयोजित मानवशास्त्राचे एम.ए. आहे. आपली पदवी तीन वर्षांची असल्याने तिचे मूल्यमापन एखाद्या मान्यताप्राप्त संस्थेकडून आधी करून घ्यावे. काही विद्यापीठे ती अमेरिकेतील चार वर्षांच्या पदवीच्या बरोबरीची धरत नाहीत, आणि हे शेवटच्या टप्प्यावर कळले की फार मनस्ताप होतो.

आता मूळ विषयाकडे. अमेरिकेत मानवशास्त्राची चार अंगे मानतात : जैविक, सांस्कृतिक, पुरातत्त्वीय आणि भाषिक. ओव्यांसाठी सांस्कृतिक आणि भाषिक अंग जवळचे वाटेल, आणि सुरुवात सांस्कृतिक मानवशास्त्रापासूनच करावी. नातेसंबंधांच्या आकृत्या काढायला तिथे शिकवतात, आणि ‘मावळण’, ‘नणंद’, ‘जाऊ’, ‘विहीण’ यांना इंग्रजीत वेगळे शब्द नाहीत हे आपल्याला पहिल्याच आठवड्यात उपयोगी पडेल. तरीही जैविक मानवशास्त्राचा वर्ग टाळू नये. कवट्यांच्या प्रतिकृती हातात घेऊन मोजमाप करताना इरावती कर्वे आठवतील. बर्लिनमध्ये त्यांचा डॉक्टरेटचा विषय मानवी कवट्यांतील असममिती हा होता, मार्गदर्शक होते वंशवादी ऑयगेन फिशर, आणि युरोपीय व बिगरयुरोपीय कवट्यांत त्यांना हवा होता तो फरक आढळत नाही असा निष्कर्ष या तरुण मराठी विद्यार्थिनीने काढला.

पुस्तकांचा खर्चही बराच वाचू शकतो. अमेरिकन मानवशास्त्र संघटनेचा एक विभाग खास कम्युनिटी कॉलेजांतील अध्यापकांचा आहे, आणि त्याने सांस्कृतिक मानवशास्त्राचे ‘पर्स्पेक्टिव्ह्ज’ आणि जैविक मानवशास्त्राचे ‘एक्स्प्लोरेशन्स’ ही पाठ्यपुस्तके सर्वांना विनामूल्य उपलब्ध करून दिली आहेत. वर्ग निवडताना पाठ्यपुस्तक मोफत आहे का हे वेळापत्रकात पाहावे, आणि प्रवेशाआधी ‘पर्स्पेक्टिव्ह्ज’ची दोन प्रकरणे वाचून विषय खरोखर भावतो का याची परीक्षा करावी.

ओव्यांबद्दल आपल्या पत्रात एक प्रश्न नाही, तो मी आपल्या वतीने विचारते : आजीच्या ओव्या कोणाच्या? आपण ज्या भूमीवर राहता तिथेच या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. १९११ साली ओरोव्हिल गावाजवळ ‘याही’ नावाच्या मूळनिवासी जमातीचा एक एकाकी माणूस सापडला. मानवशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांनी त्याला कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्कोतील संग्रहालयात आणवले. आपले नाव सांगणे त्याच्या रीतीत बसत नव्हते, म्हणून त्याला ‘इशी’, म्हणजे त्याच्या भाषेत ‘माणूस’, म्हणू लागले. तो संग्रहालयातच राहिला, आलेल्या लोकांना बाण करून दाखवत असे, त्याची गाणी आणि कथा ध्वनिमुद्रित झाल्या. १९१६ मध्ये क्षयाने तो गेला. शवविच्छेदन होऊ नये असे क्रोबर यांनी कळवले होते, तरी ते झाले, आणि पुढे त्याचा मेंदू खुद्द क्रोबर यांनीच स्मिथसोनियन संस्थेकडे पाठवला. तो त्याच्या नातलग जमातींच्या हाती परत यायला २००० साल उजाडले. याच क्रोबर यांनी सॅन फ्रान्सिस्को उपसागराकाठचे मूळनिवासी ओलोनी लोक जवळजवळ नामशेष झाल्याचे १९२५ मध्ये लिहून ठेवले. त्या लोकांचे वंशज आजही तिथेच राहतात. बर्कलीतील मानवशास्त्राच्या इमारतीवरून क्रोबर यांचे नाव २०२१ मध्ये उतरवण्यात आले.

एखाद्या रविवारी एमरीव्हिलला खरेदीसाठी गेलात, तर तिथल्या रस्त्याच्या पाटीवर ‘शेलमाउंड स्ट्रीट’ असे नाव दिसेल. ओलोनींच्या पूर्वजांनी शतकानुशतके रचलेली शिंपल्यांची प्रचंड टेकडी तिथे होती, तिच्यात त्यांचे दफन होते. नेल्स नेल्सन या पुरातत्त्वज्ञाने १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत उपसागराभोवती अशा चारशेहून अधिक टेकड्या नोंदवल्या आहेत. एमरीव्हिलची टेकडी १९२४ मध्ये हटवली गेली आणि आता तिथे दुकाने आहेत. पुरातत्त्वाच्या वर्गात असे काही पाहून लिहिण्याचे काम मिळाले, तर ते आवर्जून निवडावे.

ओव्यांकडे परत येते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि ओवीसोबत ती गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव नोंदवले. आपणही तसेच करावे. आजी हयात नसतील तर आई, मावशी, गावातील त्यांच्या जोडीच्या बायका यांच्याशी फोनवर बोलताना ध्वनिमुद्रणाची परवानगी आधी मागावी, ओवी कधी आणि कोणाकडून शिकलात हे विचारावे, आणि घरच्या भांडणाच्या ज्या ओव्या बाहेर जाऊ नयेत असे त्यांना वाटेल त्या वगळाव्यात. घरचे माणूस आहे म्हणून परवानगी गृहीत धरू नये.

प्रश्न : मुलीने पुण्यात बारावी (कला) केले आहे. तिची आत्या फ्रीमाँटला असते आणि ‘तिकडच्या कम्युनिटी कॉलेजात स्वस्तात मानवशास्त्र शिकून मग मोठ्या विद्यापीठात जाता येते,’ असे सुचवते. पाठवावे का?
– एक पालक, पुणे

उत्तर : आत्याबाईंचे म्हणणे त्यांच्या शेजाऱ्यांच्या मुलांसाठी खरे आहे. आपली मुलगी एफ-वन विद्यार्थी व्हिसावर जाईल, त्या व्हिसावर राज्याचे रहिवासीपण मिळत नाही, त्यामुळे वर सांगितलेला ३१ किंवा ४६ डॉलरचा दर तिला कधीच लागू होणार नाही. शिवाय तिला पूर्णवेळ शिकावे लागेल आणि कॉलेजबाहेर नोकरी करून खर्च भागवता येणार नाही. राहण्याची सोय आत्याकडे झाली तरच हा विचार परवडण्याजोगा होईल. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सहा शाखा कम्युनिटी कॉलेजातून येणाऱ्यांना अटींवर प्रवेशाची हमी देतात, पण बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो त्यांत नाहीत.

घराजवळचा मार्गही पाहावा. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात मानवशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे, आणि डेक्कन कॉलेजात कोणत्याही शाखेच्या पदवीधराला पुरातत्त्वाच्या एम.ए.ला प्रवेश घेता येतो. इरावतीबाईंचीही बी.ए.ची पदवी तत्त्वज्ञानाची होती, तीही फर्ग्युसनमधून घेतलेली. मुलीने आवडीच्या विषयात पुण्यातच पदवी घ्यावी आणि सुट्टीत एखाद्या उत्खननावर किंवा गावपाहणीवर जाऊन उन्हात दिवसभर काम करून पाहावे. त्यानंतरही तिचा आग्रह कायम राहिला, तर अमेरिकेत थेट पदव्युत्तर शिक्षणासाठी अर्ज करावा, कारण त्या टप्प्यावर काही विद्यापीठांत अध्यापन-साहाय्यकाचे काम आणि शुल्कमाफी मिळण्याची शक्यता असते.