जॉर्जने केलं ते योग्यच होतं, पण कुत्र्याचा दाखला देऊ नका

प्रश्न असा आहे: अमेरिकन लेखक स्टाइनबेकच्या ‘ऑफ माइस अँड मेन’ या कादंबरीत (१९३७) शेतमजूर जॉर्ज आपल्या मतिमंद सोबत्याला, लेनीला, गोळी घालतो, ते दयामरण म्हणून नैतिकदृष्ट्या योग्य ठरतं का? तुम्ही कोल्हापुरात बी.ए.ला आहात आणि वर्गात कँडी या म्हाताऱ्या मजुराच्या कुत्र्याची (त्यालाही गोळीच घालतात) तुलना देऊन विषय संपवला, असंही लिहिलंय. ही तुलना मला वर्षानुवर्षं खटकते.

तिसरं प्रकरण पुन्हा वाचा. कुत्रा म्हातारा, आंधळा, लंगडा. पण कार्लसन या मजुराची पहिली तक्रार काय असते? खोलीत घाण वास येतो. कँडी ‘उद्या बघू’ म्हणतो, तेही कोणी ऐकत नाही. ज्याचा शब्द सगळे मजूर मानतात त्या स्लिमनं होकार दिला की निकाल लागला. त्याच स्लिमनं आपल्या कुत्रीच्या नऊ पिल्लांतली चार बुडवलेली असतात, कारण तिला सगळ्यांना पाजणं झेपलं नसतं. याला दया म्हणत नाहीत, सोय म्हणतात. आपल्याकडे बेंदराला ओवाळलेला बैल थकला की विकायचा की दावणीला ठेवायचा, यावर घराघरात भांडणं होतात. तिथंही बोलणं बैलाच्या दुखण्याचं नसतं, वैरणीचं असतं.

कुत्रा आणि लेनी यांच्यात सारखी आहे ती फक्त पद्धत. तेच कार्लसनचं लूगर पिस्तूल, आणि नेम तोच, डोक्याच्या मागे. कारण मात्र वेगळं. कँडी नंतर जॉर्जला सांगतो की कुत्र्याला मी स्वतः मारायला हवं होतं, परक्याला मारू द्यायला नको होतं. जॉर्ज उचलतो ते हे वाक्य.

आता पाचवं प्रकरण. मालकाचा मुलगा कर्ली, त्याची बायको लेनीच्या हातून नकळत मरते; तिचं प्रेत बघून जॉर्ज आधी काय म्हणतो? लेनीला पळू देता येणार नाही, तो उपाशी मरेल. कदाचित कोंडून ठेवतील, नीट वागवतील. कँडी सांगतो, कर्ली त्याला जमावाकडून मारवेल. त्यानंतरच पिस्तूल गायब होतं. कोंडण्याचा मार्ग जॉर्ज नंतर स्लिमपुढे पुन्हा काढतो आणि स्लिम तो खोडतो: बांधून पिंजऱ्यात ठेवणं बरं नाही. कर्लीला तर पोटात गोळी घालायची असते. म्हणजे पळणं, कोंडणं, जमाव, तिन्ही वाटा कादंबरीतच तपासून झाल्यात. माझं मत ठाम आहे: जॉर्जचं कृत्य समर्थनीय आहे.

पण ते काटेकोर अर्थानं दयामरण नाही. लेनीला असाध्य आजार नाही, त्यानं मरण मागितलेलं नाही, त्याला माहीतही नाही. तो नदीपलीकडे बघत, दोघांच्या स्वप्नातल्या शेतावरच्या सशांबद्दल जॉर्ज सांगतो ते ऐकत असतो. ‘मतिमंद होता म्हणून सुटला’ असं लिहिलंत तर उत्तर घातक होईल. आणि त्या बाईला विसरू नका. तिला नावही दिलेलं नाही, आणि बहुतेक उत्तरांत तिचा मृत्यू एका ओळीत उरकतात.

आपला कायदा यात ओढू नका. सर्वोच्च न्यायालयानं ९ मार्च २०१८ ला मान्यता दिली ती अटींसह उपचार थांबवण्याला. गोळी घालणं आजही खूनच.

लिहिताना पाचव्या प्रकरणातलं कँडीशी झालेलं बोलणं आधी घ्या, मग पिस्तुलावर या. मुलं सहसा नदीकाठच्या शेवटच्या प्रसंगापासून सुरू करतात आणि तिथंच अडकतात.