हॅकर म्हणजे चोरच का? : वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या साइटवर लॉगिन करून गुणपत्रिका उघडली की ॲड्रेस बारमध्ये शेवटी आपला सीट नंबर दिसतो. मी सहज शेवटचा आकडा बदलून बघितला, तर दुसऱ्याच मुलीची गुणपत्रिका आली. जन्मतारीख आणि फोन नंबरासकट. हे हॅकिंग झालं का? कॉलेजला सांगायला गेलीस तर तुझ्यावरच बालंट येईल, असं मैत्रिणी म्हणतात.
– एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : मैत्रिणींची भीती अगदीच निराधार नाही, पण गप्प बसणं हाही उपाय नव्हे.

आधी दोष कुठे आहे ते बघू. तुम्ही लॉगिन केलंय की नाही, एवढंच तो सर्व्हर तपासतो. मागितलेली गुणपत्रिका तुमचीच आहे का, हे तो विचारतच नाही. या क्षेत्रातली मंडळी याला ‘आयडॉर’ म्हणतात आणि हा फार जुना, फार सर्रास आढळणारा दोष आहे. सीट नंबरऐवजी लांबलचक अगम्य अक्षरं टाकली की काम झालं, असं काही प्रोग्रामर समजतात. त्याने दोष झाकला जातो, जात नाही. प्रत्येक मागणीला मालकी तपासणं हाच त्यावरचा इलाज.

आता कायदा. माहिती तंत्रज्ञान कायदा २०००, कलम ४३ : मालकाच्या किंवा जबाबदार व्यक्तीच्या परवानगीविना संगणक यंत्रणेत शिरलात किंवा तिथली माहिती उतरवून घेतलीत, तर नुकसानभरपाईचा दावा होऊ शकतो. तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केलं, तर कलम ६६ लागतं : ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. भल्या हेतूने दोष शोधणाऱ्याला सूट, अशी वेगळी तरतूद या कायद्यात नाही. म्हणून एकदा आकडा बदलून थांबणं आणि स्क्रिप्ट (आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम) लावून अख्ख्या वर्षाच्या गुणपत्रिका उतरवून घेणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, तुमच्या आयपी ॲड्रेससमोर (इंटरनेटवरच्या तुमच्या जोडणीच्या क्रमांकासमोर) प्रत्येक मागणी वेळेसकट नोंदली जाते. त्या लॉगमध्ये ‘हेतू’ नावाचा रकाना नसतो.

तेव्हा इथेच थांबा. ‘खात्री करायला’ म्हणून दुसरा नंबर टाकून बघू नका. तारीख, वेळ, पानाचा पत्ता आणि काय केल्यावर काय दिसलं, हे लिहून ठेवा. स्क्रीनशॉट एकच ठेवा, त्यातलं नाव, फोन, जन्मतारीख काळं करून. गुणपत्रिकेची फाइल उतरली असेल तर ती काढून टाका. व्हॉट्सॲप ग्रुपवर अवाक्षर नको. मग प्राचार्य आणि साइट सांभाळणाऱ्या विभागाला एकच ईमेल : काय दिसलं, कसं दिसलं, कोणती माहिती उघडी पडतेय. त्यात बक्षिसाची अपेक्षा लिहू नका आणि ‘दुरुस्त केलं नाहीत तर जाहीर करेन’ हे तर मुळीच नको. चांगल्या हेतूचा ईमेल खंडणीच्या पत्रासारखा वाचला जातो तो नेमका या एका वाक्यामुळे. थेट कॉलेजला लिहायचा धीर होत नसेल, तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेला कळवा. नागरिकांनी कळवलेल्या त्रुटी ती स्वीकारते आणि संबंधितांशी संपर्क साधते.

दोष (बग) दाखवणाऱ्याला बक्षीस देणाऱ्या कंपन्यांच्या ‘बग बाउंटी’ योजनांची गोष्ट निराळी, कारण तिथे परवानगी आधीच लिहून दिलेली असते, अर्थात अटींसह. तमिळनाडूच्या लक्ष्मण मुथय्या यांनी २०१९ मध्ये इन्स्टाग्रामच्या पासवर्ड रीसेटमधली खोट दाखवली. रीसेटचा कोड सहा आकडी, म्हणजे १० लाख शक्यता, आणि मुदत १० मिनिटं. एका आयपीवरून फार प्रयत्न झाले की इन्स्टाग्राम अडवत होतं; अनेक आयपींवरून एकाच वेळी मारा केला तर अडवत नव्हतं. त्यांनी १,००० आयपींवरून २ लाख कोड पाठवून दाखवले, म्हणजे ५,००० आयपी असते तर कुठलंही खातं उघडलं असतं. हा हिशेब मांडला आणि तिथेच थांबले. बक्षीस मिळालं ३०,००० डॉलर.

याउलट २०१३ मध्ये खलील श्रेयतेह या पॅलेस्टिनी तरुणाने फेसबुकला कळवलं, की कुणाच्याही टाइमलाइनवर मैत्रीशिवाय लिहिता येतं. ‘हा बग नाही’ असं उत्तर आलं. मग त्याने थेट मार्क झुकेरबर्गच्या टाइमलाइनवर लिहून दाखवलं! बग खरा निघाला, तो दुरुस्तही झाला. पण खऱ्या माणसांच्या खात्यांवर प्रयोग करणं योजनेच्या अटींविरुद्ध, म्हणून बक्षीस नाकारलं गेलं. आमच्या मते ते पहिलं उत्तर जास्त बेजबाबदार होतं, पण अट ती अट.

प्रश्न : पुण्याच्या कॉसमॉस बँकेवरच्या सायबर हल्ल्यासारखं प्रकरण आठवलं की वाटतं, हॅकरने मनात आणलं तर तो कुणालाही लुटू शकतो. मग आपण काळजी घेऊन काय उपयोग?
– निवृत्त बँक कर्मचारी, पुणे

उत्तर : त्या प्रकरणात जादू कमी आणि तयारी जास्त होती. एरवी एटीएमची विनंती स्विच या मधल्या संगणक यंत्रणेकडे जाते आणि स्विच ती बँकेच्या मुख्य प्रणालीला विचारतो. हल्लेखोरांनी मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) घुसवून मधे बनावट स्विच उभा केला. तो मुख्य प्रणालीला न विचारता परस्पर ‘मंजूर’ म्हणत राहिला. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. २८ देशांत क्लोन, म्हणजे हुबेहूब नक्कल केलेल्या कार्डांनी पैसे निघाले. सोमवारी स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश यंत्रणेतून आणखी रक्कम हाँगकाँगला गेली. एकूण सुमारे ९४ कोटी. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवलं. यंत्रापुढे उभं राहून नोटा काढणाऱ्यांसारखी ही खालच्या फळीतली माणसं, कळफलकामागची नव्हेत.

‘हॅकरपुढे कुणाचं काय चालणार’ ही समजूत ज्यांनी यंत्रणा ढिली ठेवली त्यांच्याच पथ्यावर पडते. तुमच्या-आमच्या खात्यातून पैसे जातात ते बहुतेकदा ओटीपी सांगितल्याने किंवा अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून स्क्रीन शेअर करणारं ॲप टाकल्याने. तसं झालं तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन आणि बँकेला लेखी तक्रार. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार दोष ना बँकेचा ना तुमचा असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर नुकसान तुमच्या माथी येत नाही. ओटीपी तुम्हीच दिला असेल, तर त्याच परिपत्रकानुसार कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं.

प्रश्न : आधी गुन्हा केलेल्या हॅकरला नोकरी द्यावी का?
– लघुउद्योजक, इचलकरंजी

उत्तर : सरसकट उत्तर नाही. मे २०१७ मध्ये संगणकातल्या फाइली अडकवून खंडणी मागणाऱ्या वॉनाक्राय या मालवेअरच्या कोडमध्ये दिसलेलं डोमेन (वेबसाइटचं नाव) नोंदवून तो हल्ला रोखणाऱ्या मार्कस हचिन्सला त्याच ऑगस्टमध्ये अमेरिकेत अटक झाली, ती आधी लिहिलेल्या बँकिंग मालवेअरसाठी. २०१९ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला. न्यायालयाने भोगलेली कोठडी पुरेशी मानून वर्षभराच्या देखरेखीवर सोडलं. तुम्ही घेणार असाल तर कामाची व्याप्ती लेखी द्या : कोणते सर्व्हर, कोणत्या तारखा, काय करायचं नाही. तेच कागद स्वच्छ चारित्र्याच्या माणसालाही द्यायला हवेत.

प्रश्न : बारावीतल्या मुलाला एथिकल हॅकर व्हायचंय. क्लासवाले ७५ हजार मागतात.
– पालक, लातूर

उत्तर : थोडं थांबा. ८ जीबी रॅमचा लॅपटॉप आणि ६० जीबी मोकळी जागा असेल तर सुरुवात फुकटात होते. व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकात आभासी संगणक चालवणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये) दोन यंत्रं बसवायची : हल्ल्याच्या सरावाची साधनं असलेलं काली लिनक्स (२ जीबी रॅम) आणि मुद्दाम कच्चं बनवलेलं मेटास्प्लॉइटेबल २ (१ जीबी). दोन्हींचं नेटवर्क ‘होस्ट-ओन्ली’, म्हणजे त्या लॅपटॉपपुरतंच, ठेवायचं. मुलं हमखास ‘ब्रिज्ड’, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेलं, ठेवतात आणि ते छिद्रं पडलेलं यंत्र घरच्या वायफायवर सगळ्यांना उघडं पडतं.

पहिला धडा : मेटास्प्लॉइटेबलच्या पोर्ट २१ वरचा (पोर्ट म्हणजे यंत्रात शिरायचं क्रमांकाचं दार) व्हीएसएफटीपीडी २.३.४ हा फाइली देणारा-घेणारा सर्व्हर. युजरनेमच्या शेवटी स्मायलीची दोन चिन्हं टाकली, की पोर्ट ६२०० वर यंत्राचा संपूर्ण ताबा मिळतो. २०११ मध्ये कुणीतरी त्या सॉफ्टवेअरच्या डाउनलोडमध्येच ही चोरवाट घुसडली होती. टूलचं बटण दाबून ताबा मिळवणं पाच मिनिटांचं काम आहे. ते हाताने करून, दोन्ही पोर्टांवर काय घडलं हे मुलाने वहीत लिहून काढलं आणि तरीही आणखी करावंसं वाटलं, तर मग क्लासचं बघा. क्लासवाल्यांना एवढंच विचारा, की सराव कुणाच्या सर्व्हरवर घेता आणि त्याची लेखी परवानगी आहे का.