‘क्ष’ने भागण्याआधी

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले क्विझच्या पेपरचे फोटो मोठे करून एकेक ओळ वाचली. आधी हे सांगते की तुझं गणित कच्चं नाही. अवयव बरोबर आहेत, अपूर्णांक बरोबर आहेत, आकडेमोड तोंडी केलेली आहे आणि तीही बिनचूक. तरी मार्क गेले, आणि जिथे जिथे गेले तिथे कारण एकच आहे. तू बाजूंना भागलंस, गुणलंस, वर्ग केलास. पण तसं करायची परवानगी आहे का, हे थांबून पाहिलं नाहीस.

‘हे सगळं तर आपण दहावीत केलंय, बाई,’ असं तू लिहिलंस. ते अर्धंच खरं आहे. तिकडच्या कम्युनिटी कॉलेजात ‘कॉलेज अल्जिब्रा’ म्हणून जो विषय असतो, त्यातलं समीकरणांचं आणि असमानतांचं प्रकरण पाहिलं की ओळखीचं वाटतं: रेषीय समीकरण, वर्गसमीकरण, सूत्र, विवेचक. पण दहावीत आपण बहुतेक वेळा उत्तर काढून मोकळे व्हायचो. इथे उत्तर काढल्यावर आणखी दोन गोष्टी दाखवायच्या असतात. सगळी उत्तरं सापडली का, आणि सापडलेल्यांत एखादं खोटं तर नाही ना? तुझ्या तयारीचा बहुतेक वेळ या दोन प्रश्नांवर जायला हवा. पन्नास उदाहरणं भराभर सोडवलीस आणि हे दोन प्रश्न विचारले नाहीस, तर तीच चूक पन्नास वेळा गिरवली जाईल.

तुझंच उदाहरण घेऊ. (तुझ्या वहीत एक्स आहे, मी आपला क्ष लिहिते.) क्ष² = ५क्ष. तू दोन्ही बाजूंना क्षने भागलंस आणि क्ष = ५ लिहिलंस. पाच बरोबरच आहे. पण शून्यही बरोबर होतं, ते कुठे गेलं? क्षने भागताना तू न बोलता गृहीत धरलंस की क्ष शून्य नाही, कारण शून्याने भागता येत नाही. म्हणजे उत्तर हातात येण्याआधीच तू त्यातलं एक टाकून दिलंस. सगळं डावीकडे आण, क्ष(क्ष − ५) = ० असं लिही, म्हणजे दोन्ही मुळं समोर येतात. चल असलेल्या पदाने भागायचं नाही, अवयव पाडायचे.

आता उलटा प्रकार. √(क्ष + ७) = क्ष − ५. इथे वर्ग केल्याशिवाय गत्यंतर नाही. वर्ग केला की क्ष² − ११क्ष + १८ = ० येतं आणि मुळं ९ आणि २. तू दोन्हींना चौकट केलीस. मूळ समीकरणात घालून बघ. ९ ला डावीकडे √१६ म्हणजे ४, उजवीकडेही ४, जमलं. २ ला डावीकडे √९ म्हणजे ३, आणि उजवीकडे −३. जमलं नाही. हे २ आलं कुठून? तू आकडेमोडीत काहीही चुकली नव्हतीस. ३ आणि −३ यांचा वर्ग एकच असतो; वर्ग करताना चिन्हाची खूण पुसली जाते आणि √(क्ष + ७) = −(क्ष − ५) या शेजारच्या समीकरणाचं उत्तर बिनबोलावलेल्या पाहुण्यासारखं आत येऊन बसतं. त्याला ओळखण्याचा मार्ग एकच, ताळा. आणि ताळा नेहमी पहिल्या, मूळ ओळीत घालून करायचा. मधल्या ओळीत घातलंस तर पाहुणा तिथे शोभूनच दिसणार.

छेदात चल असेल तेव्हा हेच आणखी नजरेआड होतं. क्ष/(क्ष − ३) = ३/(क्ष − ३) + २. छेद काढायला (क्ष − ३)ने गुणलं की क्ष = ३ + २क्ष − ६, म्हणजे क्ष = ३. आणि क्ष ३ असेल तर छेदच शून्य होतो! म्हणून या समीकरणाला उकल नाही. असं उत्तर आलं की मुली घाबरतात आणि खोडून पुन्हा सुरू करतात. घाबरू नकोस, ‘उकल नाही’ हे पूर्ण मार्कांचं उत्तर असू शकतं. सवय अशी लाव की छेदात चल दिसला की पेन दुसरीकडे नेण्याआधी वरच्या कोपऱ्यात लिहायचं: क्ष ≠ ३.

इथे मला भास्कराचार्यांची आठवण येते, आणि ती तुला सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखाबद्दल मी वर्गात सांगितलं होतं. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा उल्लेख त्यात आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली सिद्धान्तशिरोमणी रचला. त्यातल्या ‘बीजगणित’ भागात माकडांची दोन उदाहरणं आहेत. पहिल्यात कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग इतकी माकडं वनात खेळताहेत आणि उरलेली १२ टेकडीवर आहेत. उत्तरं येतात १६ आणि ४८, आणि दोन्ही चालतात. दुसऱ्यात कळपाच्या पाचव्या भागातून ३ वजा करून येणाऱ्या संख्येचा वर्ग, इतकी माकडं गुहेत गेली आणि एक फांदीवर दिसतंय. मांडणी कर: (क्ष/५ − ३)² + १ = क्ष. मुळं ५० आणि ५. आकड्यांचा ताळा घेतलास तर ५ सुद्धा जमतं. पण पाचाचा पाचवा भाग १, त्यातून ३ वजा केले की उरतात उणे २ माकडं! भास्कराचार्य हे ५ घेत नाहीत. प्रत्यक्षातली राशी ऋण झाली तर लोकांना ते पटत नाही, असं ते कारण देतात. साडेआठशे वर्षांपूर्वी हा माणूस एकाच प्रकारच्या दोन उदाहरणांत एकीकडे दोन्ही मुळं ठेवतो आणि दुसरीकडे एक सोडतो. दर वेळी वाचताना मला याचा अभिमान वाटतो. तुझ्या पेपरातल्या शाब्दिक उदाहरणांनाही हेच लागू आहे: ताळा समीकरणात घालून एकदा, आणि गोष्टीत घालून एकदा. लांबी ऋण येत नाही, माणसं साडेतीन येत नाहीत.

आता असमानता, म्हणजे जिथे ‘बरोबर’च्या जागी लहान-मोठ्याचं चिन्ह असतं ती विधानं. तयारीचे निम्म्याहून जास्त दिवस मी इथे दिले असते, कारण इथे ताळाही पूर्ण वाचवत नाही. समीकरणाचं उत्तर एक-दोन संख्या असतात, त्या घालून बघता येतात. असमानतेचं उत्तर संख्यारेषेचा अख्खा तुकडा असतो. सगळ्या संख्या कोण घालून बघणार? म्हणून पायऱ्याच पक्क्या हव्यात.

ऋण संख्येने गुणलं की चिन्ह उलटतं, हे तुला पाठ आहे. का उलटतं ते एकदा रेषेवर बघ. २ हा ५ च्या डावीकडे. दोघांना −१ ने गुण: −२ आणि −५. शून्याभोवती सगळी रेषा उलटी झाली, आता −५ डावीकडे आहे. एवढं डोळ्यांसमोर आलं की पुढचा प्रश्न आपोआप पडतो: ज्याने गुणायचं आहे तो धन आहे की ऋण, हेच माहीत नसेल तर?

तुझी चूक नेमकी तिथे झाली. (क्ष + १)/(क्ष − २) ≥ ३. तू (क्ष − २)ने गुणलंस, क्ष + १ ≥ ३क्ष − ६ आलं, आणि उत्तर क्ष ≤ ३.५. शून्य घालून बघ. डावीकडे −०.५ येतं, ते ३ पेक्षा मोठं कसं असेल? (क्ष − २) कधी धन, कधी ऋण. चिन्ह उलटायचं की नाही हे ठरवताच येत नाही, म्हणून गुणायची परवानगीच नाही. त्याऐवजी ३ डावीकडे आण आणि एकच अपूर्णांक कर: (७ − २क्ष)/(क्ष − २) ≥ ०. अंश ३.५ ला शून्य होतो, छेद २ ला. या दोन बिंदूंनी रेषेचे तीन तुकडे पडतात. प्रत्येक तुकड्यातली एक सोपी संख्या घे आणि फक्त चिन्ह बघ. ० घेतलं तर ऋण, ३ घेतलं तर धन, ४ घेतलं तर पुन्हा ऋण. म्हणजे मधला तुकडा आपला. ३.५ ला अपूर्णांक शून्य होतो आणि शून्य चालतं, म्हणून तिथे चौकोनी कंस. २ ला छेद शून्य, म्हणून गोल. उत्तर (२, ३.५]. कंस चुकला की तिकडे मार्क जातात आणि जायलाच हवेत, कारण त्या एका कंसात तू एक संख्या आत घेतेस किंवा बाहेर ठेवतेस. अनंताला मात्र नेहमी गोल कंस.

क्ष² < ९ ला तू क्ष < ३ लिहिलंस. −१० चा वर्ग १०० असतो. हेही तसंच कर: ९ डावीकडे आण, (क्ष − ३)(क्ष + ३) < ०, बिंदू −३ आणि ३, तीन तुकडे, मधला आपला. वर्गसमीकरण असो की अपूर्णांक, एका बाजूला शून्य आणून चिन्हं तपासायची ही एकच रीत नीट बसली तर प्रकरणाचा हा सगळा भाग हातात येतो.

केवलमूल्याला मात्र नियम पाठ करू नकोस, अंतर म्हणून वाच. |क्ष − ४| < ३ म्हणजे ४ पासून ३ पेक्षा कमी अंतरावर असलेल्या संख्या: १ ते ७, टोकं सोडून. |क्ष − ४| > ३ म्हणजे त्याहून लांब असलेल्या: १ च्या डावीकडे किंवा ७ च्या उजवीकडे. हे दोन वेगळे तुकडे आहेत, त्यांना ७ < क्ष < १ असं एका दोरीत ओवू नकोस. ७ पेक्षा मोठी आणि १ पेक्षा लहान अशी संख्याच नसते. आणि |२क्ष + १| < −५ दिसलं की पेन खाली ठेव. अंतर ऋण नसतं, म्हणून उकल नाही. तिथे > −५ असतं तर सगळ्या वास्तव संख्या चालल्या असत्या.

शाब्दिक उदाहरणांचं फार मनावर घेऊ नकोस. इंग्रजी वाक्य दोनदा वाच, कशाला क्ष मानलं ते शब्दांत लिही, एककं लिही. मिश्रणाचं एक बघून ठेव, पुढे नर्सिंगलाही कामी येईल: २० टक्के आणि ५० टक्के द्रावण मिसळून ३० टक्क्यांचं १२ लिटर हवंय. ०.२क्ष + ०.५(१२ − क्ष) = ३.६, म्हणून पहिलं ८ लिटर, दुसरं ४. दोन्ही धन, बेरीज १२.

अभ्यास कसा करायचा तेही विचारलंस. पाठ्यपुस्तकात एका भागाखाली एकाच प्रकारची वीस उदाहरणं असतात. कोणती रीत वापरायची ते त्या भागाचं नावच सांगून टाकतं. परीक्षेत नाव नसतं. म्हणून सगळ्या भागांतून थोडी थोडी उदाहरणं चिठ्ठ्यांवर लिही, मिसळ, आणि सोडवलेली उदाहरणं मिटून ठेवून एकेक चिठ्ठी उचल. आधी फक्त एवढंच सांग की हे कोणत्या प्रकारचं आहे आणि पहिली पायरी काय. दोन दिवस तर सोडवूही नकोस, पहिली पायरीच ठरव. चुकलेलं उदाहरण वेगळ्या वहीत उतरव आणि त्याखाली एका वाक्यात लिही, कोणत्या ओळीला परवानगी नव्हती आणि का. नुसतं ‘चिन्ह चुकलं’ लिहू नकोस, ते कारण नव्हे.

वर्गात टीआय-८४ हा आलेख काढणारा कॅल्क्युलेटर वापरू देतात म्हणालीस. मग घरी तो ताळ्यासाठी वापर: डाव्या बाजूचा आणि उजव्या बाजूचा आलेख काढ, कुठे छेदतात आणि कोणता कुठे वर आहे ते बघ, आणि कागदावरच्या तुकड्यांशी जुळव. कागदाच्या आधी त्याला हात लावू नकोस. परीक्षेत पायऱ्यांना मार्क असतात आणि पायऱ्या यंत्र लिहून देत नाही. आदल्या रात्री जागू नकोस; ताळा करायला ताजं डोकं लागतं.

रविवारी तुमच्याकडे सकाळ असेल तेव्हा व्हिडिओ कॉल कर, ती चुकांची वही हाताशी ठेव. तोवर हे एक सोडवून ठेव, आलेख न काढता: |क्ष² − ५| < ४. उत्तरात दोन तुकडे यायला हवेत. एकच आला, तर वर्गमूळ काढतानाची ओळ पुन्हा बघ.

तुझ्या,
बाई