मुंकचा चाकू, मुंकची करवत

प्रश्न : पीटर वॉटकिन्सच्या 'एडवर्ड मुंक' (१९७४) या चित्रपटात नॉर्वेचा चित्रकार मुंक 'आजारी मूल' हे चित्र रंगवताना कॅनव्हास ओरबाडतो. तो वेडाचा झटका समजायचा, की कामाची रीत? घरी करून पाहता येईल? (मिरज)

उत्तर : रीत. दुःख खरंच होतं. मुंक पाच वर्षांचा असताना आई क्षयाने गेली आणि १८७७ मध्ये थोरली बहीण सोफीही, अवघ्या पंधराव्या वर्षी. पण १८८५-८६ मध्ये हे चित्र त्याने वर्षभर पुन्हा पुन्हा रंगवलं, खरवडलं, पातळ रंगाचे ओघळ तसेच राहू दिले. झटक्यात वर्षभराचं काम होत नसतं! वॉटकिन्स खरवडण्याचा आवाज मोठा ठेवतो आणि मध्येच बहिणीचा रक्ताळलेला खोकला दाखवतो. चित्रपटातला हा सर्वांत उत्तम भाग, कारण इथे कलावंताचा हात काम करताना दिसतो.

जरूर करून पाहा, पण लाकडी फळीवर किंवा जाड पुठ्ठ्यावर. ताणलेल्या कॅनव्हासला मागून आधार नसतो, पातं आरपार जातं. आधी प्रायमर लावा, नाहीतर पुठ्ठा तेल शोषून घेतो. तैलरंगाचा पहिला थर टर्पेंटाइनने पातळ केलेला द्या आणि बोटाला रंग लागणार नाही इतका वाळू द्या. त्यावर जवसाचं तेल थोडं जास्त घालून दाट थर चढवा आणि तो ओला असतानाच पॅलेट नाइफ किंवा ब्रशच्या दांड्याने ओरखडे काढा. खालचा थर ओला राहिला तर सगळ्याचा चिखल होतो. वरचा पार सुकला तर रंगाचे पापुद्रे निघतात. तेलकट थर खाली गेला तर पुढे भेगा ठरलेल्या.

प्रश्न : कोणती आवृत्ती पाहावी? (पुणे)

उत्तर : दूरदर्शनसाठी केलेली, सुमारे साडेतीन तासांची. चित्रपटगृहांसाठीची त्याहून बरीच आटोपशीर आहे. पण आठवणींचे तुकडे परतपरत येणं हाच या चित्रपटाचा श्वास, तो कापण्यात तुटतो. नट हौशी आहेत, मुलाखत दिल्यासारखे कॅमेऱ्याकडे बघून बोलतात, त्याला सरावायला थोडा वेळ द्या. मुंकचं सगळं आयुष्य मात्र यात शोधू नका. भर १८८४ पासूनच्या दहाएक वर्षांवर आहे, १९०८ मध्ये मन ढासळल्यावर तो कोपनहेगनच्या इस्पितळात राहिला, त्या काळावर नाही.

प्रश्न : मुंक एकाच ठोकळ्यातून अनेक रंगांचं काष्ठमुद्राचित्र (कोरलेल्या लाकडावरून छापलेलं चित्र) कसं काढायचा? (नाशिक)

उत्तर : ठोकळाच कापून. 'दोघे एकाकी' (१८९९) पाहा. आकारांच्या कडेने बारीक करवतीने लाकडाचे तुकडे करायचे, प्रत्येकाला वेगळी शाई लावायची, पुन्हा जुळवून कागद एकदाच दाबायचा. करवत जेवढं लाकूड खाते तेवढी पांढरी रेघ छापात उमटते. मुंकने ती लपवली नाही. तुम्हाला ती बारीक हवी असेल तर फ्रेट सॉचं (नक्षीकामाच्या बारीक करवतीचं) सर्वांत पातळ पातं घ्या आणि ते उभं धरा. तिरपं गेलं तर तुकडे बसताना एक वर, एक खाली राहतो आणि खालच्यावरची शाई कागदाला लागतच नाही.