डेकखालचं भोक आत्ता बुजवू नका

तुमच्या प्रश्नातली तातडीची गोष्ट आधी. घरामागच्या डेकखाली (लाकडी ओट्याखाली) स्कंक, म्हणजे घाण वासाचा फवारा मारणारा काळा-पांढरा प्राणी, ये-जा करतोय, लॉनवर खड्डे पडलेत, कुत्र्यावर एकदा फवारा उडालाय आणि शनिवारी हँडीमन येऊन डेकखालचं भोक सिमेंटने बुजवणार आहे, असं तुम्ही लिहिलंय. त्या माणसाला आजच फोन करून थांबवा. बाकी सगळं सावकाश केलं तरी चालेल.

कारण हा मे महिन्याचा शेवट आहे. इकडे अमेरिकेत, न्यू जर्सीत, स्कंकची जोडी जमते फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि पिल्लं होतात मे ते जूनच्या सुरुवातीला. एका वेळेला साधारण चार ते सहा, कधी जास्तही. या दिवसांत डेकखाली मुक्काम ठोकलेला स्कंक ही बहुतेक वेळा बाळंतीण असते. पिल्लांचे डोळे उघडायलाच तीनेक आठवडे लागतात आणि सहा-सात आठवड्यांची होईपर्यंत ती बिळाबाहेर पडत नाहीत. आई रात्री बाहेर गेलेली असताना भोक बुजवलंत, तर पिल्लं आत उपाशी मरतील. आई त्यांच्यापर्यंत पोचायला डेकच्या कडा, बाजूची माती, फुलझाडांचे वाफे, जे समोर येईल ते उकरेल. मेलेल्या पिल्लांचा वास मग आठवडेच्या आठवडे घरात येत राहील. आणि आई आत असताना बुजवलंत तर ती घाबरून तिथेच, तुमच्या बैठकीच्या खोलीच्या जमिनीखाली, फवारा मारेल. मला पिल्लांचं वाईट वाटतं हे खरंच; पण केवळ तुमच्या सोयीचा विचार केला तरी थांबणंच शहाणपणाचं आहे.

जुलै संपेपर्यंत हे कुटुंब आईच्या मागे रांगेने बाहेर पडायला लागेल आणि पुष्कळदा आपणहून दुसरीकडे जाईल. भोक बुजवायचं ते तेव्हा. कसं, ते खाली लिहिते.

तोवर त्याच्या शेजारी कसं राहायचं

स्कंक हा भांडखोर प्राणी नाही, हे मनापासून पटलं की निम्मी भीती जाते. शेपटीखालच्या दोन ग्रंथींमध्ये त्याच्याकडे जेमतेम पाच-सहा फवाऱ्यांपुरता साठा असतो. तो संपला की पुन्हा भरायला आठवडा-दहा दिवस लागू शकतात आणि तेवढे दिवस तो जवळजवळ निःशस्त्र असतो. म्हणून तो फवारा अगदी नाइलाज झाल्यावरच मारतो आणि त्याआधी भरपूर सूचना देतो. पुढचे पाय जमिनीवर आपटतो, फिस्कारतो, शेपटी उभी करतो, दोन पावलं अंगावर धावून आल्यासारखं करून पुन्हा मागे सरकतो. यातलं काहीही दिसलं की जागच्या जागी थांबा, हळू आवाजात बोलत मागे या. पळू नका, ओरडू नका, टॉर्च नाचवू नका. अंग वळवून तोंड आणि पार्श्वभाग दोन्ही तुमच्याकडे केले, तर मात्र वेळ संपली. तीन मीटरपर्यंत त्याचा नेम चांगला असतो, बारीक तुषार त्याच्याही पुढे जातात, आणि नेम तो डोळ्यांवरच धरतो.

त्याची नजर फार अधू असते. रात्री तो सरळ तुमच्या दिशेने चालत येतोय असं वाटलं तर तो हल्ला नसतो. तुम्ही तिथे आहात हेच त्याला दिसलेलं नसतं. डेकवर जाण्याआधी दिवा लावणं, दोन टाळ्या वाजवणं, दार जरा आवाज करत उघडणं, एवढ्याने तो वाटेतून दूर होतो.

माणसाला हे इशारे कळतात, कुत्र्याला नाही. कुत्र्याला ते खेळाचं आमंत्रण वाटतं. म्हणून इथे फवाऱ्याचे बळी बहुतेक कुत्रेच असतात. ऑगस्टपर्यंत तरी अंधार पडल्यावर आणि पहाटे त्याला बॅकयार्डात मोकळा सोडू नका. छोट्या पट्ट्याने बांधून समोरच्या बाजूने न्या.

कुत्र्याचा वास

टोमॅटोचा रस ओतून पाहिला आणि दोन दिवसांनी पाऊस पडल्यावर वास परत आला, असं तुम्ही लिहिलंय. तसंच होणार. टोमॅटोने वास जात नाही. तोच वास बराच वेळ घेतल्यावर आपलं नाक त्याला सरावतं आणि त्यावर टोमॅटोचा ताजा वास चढतो, एवढंच. फवाऱ्यातला उग्र वास गंधकाच्या थायॉल नावाच्या संयुगांचा. त्यांच्या जोडीला थायोअॅसिटेट नावाची आणखी काही संयुगं असतात, ज्यांना सुरुवातीला फारसा वास नसतो. ती केसांत टिकून राहतात आणि पाणी लागलं की हळूहळू त्यांचे थायॉल होतात. भिजलेला कुत्रा पुन्हा घाण का मारतो, त्याचं कारण हे.

वासावर पांघरूण घालून उपयोग नाही, संयुगच बदलावं लागतं. पॉल क्रेबॉम नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने सुचवलेलं एक मिश्रण १९९३ मध्ये अमेरिकेतल्या एका रसायनशास्त्राच्या नियतकालिकात छापून आलं, आणि आजही तोच सगळ्यात खात्रीचा उपाय आहे. ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडची औषधाच्या दुकानात मिळते ती एक क्वार्ट, म्हणजे साधारण ९५० मिलिलिटरची बाटली, पाव कप बेकिंग सोडा, आणि एक-दोन चमचे भांडी घासायचा लिक्विड साबण. उघड्या बादलीत कालवा आणि फेस येत असतानाच वापरा. कुत्र्याला आधी पाण्याने भिजवू नका. कोरड्या केसांत, हातमोजे घालून, कातडीपर्यंत चोळा, पाच मिनिटं ठेवा आणि भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यांत आणि तोंडात जाऊ देऊ नका. काळ्या केसांचा रंग थोडा उतरू शकतो.

उरलेलं मिश्रण बाटलीत भरून कधीही ठेवू नका. त्यातून ऑक्सिजन सुटत राहतो आणि झाकण घट्ट असेल तर बाटली फुटते. आपल्याकडे काही टाकवत नाही, म्हणून हे मुद्दाम सांगते.

डोळ्यांवर फवारा बसला असेल तर आधी नुसत्या पाण्याने डोळे धुवा, मग बाकीचं. आग होते, पण नजर जात नाही. पुढच्या दोन-तीन दिवसांत कुत्रा मलूल दिसला किंवा हिरड्या फिकट पडल्या तर डॉक्टरकडे न्या. क्वचित काही कुत्र्यांच्या रक्तावर परिणाम होतो.

लॉनवरचे खड्डे

स्कंक तुमच्या अंगणात का आला, याचं उत्तर या खड्ड्यांत आहे. दोन-तीन इंच रुंदीचे, नरसाळ्यासारखे छोटे खड्डे असतील तर ते त्याने नाकाने आणि नखांनी केलेले. गवताची सालच्या साल उलटून टाकलेली असेल तर ते रकून या दुसऱ्या रानटी प्राण्याचं काम. दोघेही शोधतात एकच गोष्ट: गवताच्या मुळाशी असलेल्या पांढऱ्या, वाकड्या अळ्या, म्हणजे ग्रब.

यातल्या बऱ्याचशा जपानी भुंगेऱ्याच्या असतात. हा किडा अमेरिकेत पहिल्यांदा सापडला तो १९१६ मध्ये आपल्याच राज्यात, रिव्हरटनच्या एका नर्सरीत. म्हणजे हा प्रश्न न्यू जर्सीचा अगदी घरचा आहे. जुलैमध्ये भुंगेरे गवतात अंडी घालतात, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अळ्या मुळं खात वाढतात, थंडीत खोल जातात आणि वसंतात पुन्हा वर येतात. स्कंकचे खड्डेही याच दोन मोसमांत वाढतात.

औषध आणण्याआधी मोजा. एक फूट लांब-रुंद गवताचा चौकोन तीन बाजूंनी कापून उलटा आणि अळ्या मोजा. चार-पाच असतील तर निरोगी लॉन ते सहन करतं. दहाच्या पुढे असतील तर ऑगस्टच्या शेवटी नेमॅटोड टाका. हे डोळ्यांना न दिसणारे कृमी अळ्यांना मारतात, मुलांना आणि कुत्र्याला त्यांचा त्रास नाही. संध्याकाळी, ओल्या जमिनीवर टाकायचे आणि नंतर काही दिवस जमीन ओली ठेवायची, नाहीतर पैसे वाया. उलट जुलैमध्ये लॉनला रोज पाणी घालायची सवय सोडा. भुंगेऱ्याला अंडी घालायला ओलसर जमीनच लागते.

एक गोष्ट माझ्या मनात नेहमी येते. स्कंक जे उकरतो ते तुमच्या गवताचे शत्रूच असतात. उंदीर आणि जमिनीतल्या गांधीलमाशांची पोळीही तो खातो. खड्डे पायाने दाबले की महिन्याभरात गवत भरून येतं.

बाहेर राहिलेलं अन्न

कचऱ्याचा डबा घट्ट झाकणाचा हवा आणि शक्यतो गाडी यायच्या सकाळीच रस्त्यावर ठेवा. पक्ष्यांच्या फीडरखाली सांडलेले दाणे, मांजरासाठी ठेवलेली वाटी, ग्रिलखालची तेलाची ताटली, हे रोज रात्रीआधी उचलायचं. आपल्या घरांत आणखी एक गोष्ट असते. उरलेली पोळी, भात पक्ष्यांसाठी बाहेर ठेवणं किंवा पितृपक्षात पान ठेवणं. जरूर ठेवा, पण अंधार पडायच्या आत पान आत घ्या. कंपोस्टात भाज्यांच्या साली चालतील. शिजवलेलं अन्न, अंडी, मासे नकोत.

ऑगस्टमध्ये करायचं काम

पिल्लं बाहेर हिंडू लागल्याचं दिसल्यावर भोकात वर्तमानपत्राचे बोळे सैलसर कोंबा आणि समोर कणीक भुरभुरवा. दोन-तीन रात्री बोळे हललेच नाहीत आणि पीठात पावलं उमटली नाहीत, तर बीळ रिकामं आहे. ही परीक्षा थंडीत उपयोगाची नाही. स्कंक पूर्ण शीतनिद्रेत जात नाही, पण कडाक्याच्या थंडीत कित्येक दिवस आतच झोपून राहतो आणि बऱ्याचदा पुष्कळ माद्या एकाच बिळात असतात.

बीळ रिकामं होत नसेल तर एकाच दिशेला उघडणारं झडपेचं दार मिळतं, ते भोकावर बसवा. आतला बाहेर जातो, परत येऊ शकत नाही. पिल्लं आईबरोबर रोज रात्री बाहेर पडतायत याची खात्री झाल्याशिवाय मात्र ते लावू नका.

मग हँडीमनला बोलवा, पण सिमेंटसाठी नाही. डेकच्या कडेने फूटभर खोल चर खणून अर्ध्या इंचाच्या चौकोनांची गॅल्वनाइज्ड जाळी बसवायला सांगा. दुकानात तिला हार्डवेअर क्लॉथ म्हणतात. कोंबड्यांच्या खुराड्याची पातळ जाळी आणू नका. जाळीचं खालचं टोक बाहेरच्या बाजूला आणखी फूटभर वळवून इंग्रजी एल अक्षरासारखं करायचं आणि वर माती लोटायची. उकरणारा प्राणी कडेलाच उकरतो, खाली जाळी लागते, आणि दोन पावलं मागे जाऊन खणायचं त्याला सुचत नाही. खणण्याआधी ८११ वर फोन करा. जमिनीतल्या गॅसच्या आणि विजेच्या लाइनवर ते फुकट खुणा करून देतात.

डांबरगोळ्या टाकू का, असंही विचारलंय. नको. उघड्यावर त्यांचा स्कंकवर काही परिणाम होत नाही, पण विषारी वाफ घरात येते, लहान मुलं आणि कुत्रे त्या तोंडात घालतात, आणि लेबलवर लिहिलेल्या वापराशिवाय बाहेर टाकणं इथे कायद्याविरुद्ध आहे. पिंजरा लावायच्या फंदातही पडू नका. पकडलेला स्कंक दुसरीकडे नेऊन सोडण्यावर कडक निर्बंध आहेत, आईला पकडलं तर पिल्लं मागे राहतात, आणि जागा मोकळी असेल तर पुढच्या हंगामात तिथे दुसरा येतो. हालचाल टिपून पाणी उडवणारा स्प्रिंकलर मात्र भाज्यांच्या वाफ्यापाशी खरोखर उपयोगी पडतो.

सासू-सासरे येणार आहेत म्हणून

ते पुण्याहून जूनमध्ये येतायत, म्हणजे संध्याकाळी फिरायला जाणार, आणि जुलैत रस्त्याकडेला आईमागे चाललेली काळी-पांढरी पिल्लं त्यांना दिसू शकतात. लांबून ती मांजराच्या पिल्लांसारखीच दिसतात. त्यांना आधीच सांगून ठेवा: जवळ जायचं नाही, खायला घालायचं नाही. बेसमेंटच्या खिडकीबाहेरच्या खड्ड्यात एखादं पिल्लू पडलंच, तर खडबडीत फळी तिरकी टेकवून ठेवा. ते रात्री आपणहून चढून जातं.

रेबीजचं भय खोटं नाही. भारतात आपण कुत्र्याला घाबरतो. इथे रकून, वटवाघूळ, कोल्हा आणि स्कंक यांच्यात तो आढळतो. फवाऱ्याने रेबीज होत नाही, चावण्याने होतो. दिवसा स्कंक दिसला म्हणजे तो पिसाळलेलाच, असंही नाही. पिल्लं पाजणारी आई भुकेपोटी दिवसा बाहेर पडते. पण झोकांड्या खात चालणारा, मागचे पाय ओढणारा, उगाच अंगावर येणारा दिसला तर घरात या आणि टाउनशिपच्या अॅनिमल कंट्रोलला, म्हणजे गावच्या प्राणी-नियंत्रण विभागाला, कळवा. कुणाला चावला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी इस्पितळात जायचं. तुमच्या कुत्र्याला फवाऱ्याबरोबर ओरखडा किंवा चावा बसला होता का, हे केस बाजूला करून नीट बघा. बसला असेल, किंवा शंका असेल, तर लस चालू असली तरी बूस्टरसाठी डॉक्टरला फोन करा.

शेवटची गोष्ट घरातल्या सगळ्यांसाठी. गळती कळावी म्हणून स्वयंपाकाच्या गॅसमध्ये जो वास मिसळतात तो गंधकाच्या याच घराण्यातला असतो. नवीन माणसाला दोन्ही सारखे वाटू शकतात. वास बाहेर अंगणात जास्त आणि घरात कमी असेल तर तो बहुधा स्कंक. बाहेर काहीच नाही आणि शेगडीपाशी किंवा बेसमेंटमध्ये भरून राहिलाय, तर दिवे चालू-बंद न करता सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि बाहेरूनच ९११ ला किंवा गॅस कंपनीला फोन लावा. त्यांचा तातडीचा नंबर आजच सासूबाईंच्या फोनमध्ये घालून ठेवा.