आपल्याहून लहान सहकारी स्त्रियांना प्रश्न विचारण्याचा संकोच

‘माझ्या मुलीच्या वयाच्या सहकाऱ्यांना इतक्या साध्या गोष्टी कशा विचारू?’ हा प्रश्न पन्नाशी ओलांडलेल्या व्यावसायिक स्त्रिया मला वारंवार विचारतात. वडोदऱ्यातील एका लेखापाल बाईंचा अनुभव त्यांच्या संमतीने, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून, येथे मांडत आहे.

रावपुरा भागातील व्यापाऱ्यांचे हिशेब आणि करविवरणपत्रे सांभाळणाऱ्या या बाई महिला लेखापालांच्या एका गटाच्या जुन्या सदस्य आहेत. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा गटातील सगळ्याच जणी त्या विषयात नवख्या होत्या आणि म्हणून त्यांनी मोकळेपणाने प्रश्न विचारले होते. पुढे एक्सेलमध्ये तरबेज असलेल्या तरुण मुली गटात आल्या, तशा या बाई बैठकीत गप्प बसू लागल्या, अडलेले काम घरी पुतण्याकडून करून घेऊ लागल्या आणि अखेरीस बैठकांना जाणेच टाळू लागल्या. ‘महाराजांच्या सक्तीच्या शिक्षणामुळे माझी आजी शाळेत गेली, आणि मी एवढी शिकून अडाणी ठरते आहे,’ असे त्या म्हणाल्या. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संस्थानभर लागू केलेल्या त्या शिक्षणाचा अभिमान येथील मराठी घरांत अजून आहे; या बाईंना मात्र त्या अभिमानाचेच ओझे झाले होते.

वयामुळे आपली स्मरणशक्ती गेली, अशी त्यांची खात्री झाली होती. रोजच्या व्यवहारातही विसर पडत असेल, तर डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा. परंतु कोणत्या व्यापाऱ्याचे कोणते बिल कशामुळे अडले आहे, हे त्या वही न उघडता सांगत होत्या. वयानुसार नवी माहिती पकडण्याचा वेग कमी होतो हे खरे, तरी अनुभवातून साठलेले ज्ञान दीर्घकाळ टिकते. त्यांची अडचण निराळी होती: पुतण्या भराभर करून देत असल्यामुळे ते काम त्यांच्या हाताखालून कधी गेलेच नव्हते. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार, ‘हे मला जमेल’ हा विश्वास सर्वाधिक बळकट होतो तो स्वतः काम पार पाडल्याने. पुतण्याच्या प्रेमळ मदतीने नेमकी तीच संधी हिरावली होती.

म्हणून आम्ही एकच काम निवडले. खरेदीची नोंदवही जीएसटीआर-२बी या, पुरवठादारांनी भरलेल्या वस्तू व सेवा कराच्या विवरणपत्रांवरून तयार होणाऱ्या विवरणाशी ताडून पाहण्याचे हे काम त्यांना दर महिन्याला करावेच लागते, कारण त्यात न दिसणाऱ्या बिलावरील कराची वजावट मिळत नाही. ‘मला एक्सेल शिकव’ असे मोघम न म्हणता ‘या दोन याद्यांतील न जुळणारी बिले कशी शोधायची?’ असे गटातील एका तरुण मुलीला विचारायचे, आणि माउस आपल्याच हातात ठेवायचा, असे ठरले.

त्या मुलीने सूत्र शिकवले, न जुळणारी बिले समोर आली, आणि पुढे तीच अडली. बिले का जुळत नाहीत, हे तिला उमगेना. पुरवठादार तिमाही विवरणपत्र भरणारा असेल तर त्याचे बिल त्या महिन्यात दिसेलच असे नाही, बिलाचा क्रमांक लिहिताना चूक झालेली असू शकते, परत केलेल्या मालाची नोंद राहून गेलेली असू शकते, आणि पुरवठादाराला न दुखावता त्याच्याकडून दुरुस्ती कशी करून घ्यावी, हे सारे बाईंनी तिला समजावले. ‘काकू, हे मला कोणी सांगितलेच नव्हते, विचारले तर ज्येष्ठ मंडळी काय म्हणतील, याची भीती वाटायची,’ असे ती म्हणाली. माझ्या मते बाईंचा संकोच उतरू लागला तो याच वाक्याने. मी दिलेल्या धीराचा वाटा त्याहून कमी होता.

त्यांच्याच सूचनेवरून गटाने बैठकीचा अर्धा वेळ जोडीने काम करण्यासाठी राखला. काही ज्येष्ठ सदस्यांना ते रुचलेले नाही, आणि त्यांच्यावर सक्ती नाही, हेही योग्यच आहे. बाई अजूनही तेच सूत्र पुन्हा विचारतात आणि वहीत उतरवून घेतात. ज्यांच्याजवळ असा गट नाही, त्यांनी ओळखीतील एकाच सहकारी स्त्रीपासून सुरुवात करावी, आपल्याला अडलेले एक काम घेऊन तिच्याकडे जावे आणि तिला काय अडते आहे, हे त्याच भेटीत तिला विचारावे.